आडवी बेरीज, उभी बेरीज

महासंगणकांवरच्या तुमच्या लेखात म्हटलंय, महासंगणकाचा नोड (त्यात एकत्र काम करणाऱ्या अनेक संगणकांपैकी एक) बंद पडला तर शेवटच्या चेकपॉइंटपासून, म्हणजे मधूनमधून साठवून ठेवलेल्या कामाच्या नोंदीपासून, पुन्हा सुरू करायचं. पण नोड बंद पडला तर निदान कळतं. मेमरीतला एखादा बिट गुपचूप उलटला, ० चा १ किंवा १ चा ० झाला, तर चुकीचा आकडा चेकपॉइंटमध्येही जाऊन बसतो! त्याबद्दल लेखात एक ओळही नाही, याचं वाईट वाटलं.

हुआंग आणि अब्राहम या संशोधकांनी १९८४ मध्ये यावर उपाय दिला: दोन मॅट्रिक्सचा (आकड्यांच्या चौकोनी तक्त्यांचा) गुणाकार करताना एकीला बेरजेची एक ओळ आणि दुसरीला बेरजेचा एक स्तंभ जोडायचा, म्हणजे उत्तरात दोन्ही बेरजा येतात. रत्नागिरीत आमचे बाबा आंब्याच्या पेट्यांची वही अशीच ठेवायचे. आडवी बेरीज बागेची, उभी दिवसाची. दोन्ही जिथे जुळत नाहीत, त्या चौकटीवर पेन्सिलीने गोल. फरक किती तेही समोरच, म्हणजे आकडा तिथल्या तिथे दुरुस्त. सगळी वही पुन्हा लिहायची गरज नाही.

चेकपॉइंटही हवेतच, पण मोजून. चेकपॉइंट किती वेळाने घ्यावा हे सांगणाऱ्या, यंग या संशोधकाच्या १९७४ च्या सूत्राने, सरासरी २४ तासांनी बिघाड आणि साठवायला ५ मिनिटं लागत असतील, तर दर दोन तासांनी.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं. होड्या किनाऱ्याला ओढायच्या की नाही, हे आम्ही हवामानाच्या अंदाजावरून, म्हणजे महासंगणकांच्या अशाच आकडेमोडीवरून ठरवतो.