झुंबर पडलं, पण वन्समोअर नाही

मी वांद्र्याच्या बीकेसीत जाऊन ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ हे इंग्रजी म्युझिकल बघून आलो, ही बातमी माझ्याआधी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर पोचली होती. मी बूड टेकतोय तोच दिप्या म्हणाला, “आले साहेब. कटिंग चालेल ना अजून?”

ही मार्च 2025 मधली गोष्ट. त्यांचं म्युझिकल की आपलं संगीत नाटक, हे भांडण मात्र अजून मिटलेलं नाही, म्हणून लिहून ठेवतोय.

मी सुरुवात झुंबरापासून केली. पडदा उघडतो तेव्हा लिलाव चाललेला असतो. पॅरिसच्या ऑपेरा हाउसमधलं जुनं सामान विकायला काढलंय. आधी एक खेळणं येतं, झांजा वाजवणारं माकड. एक म्हातारा ते विकत घेतो. मग नंबर 666, मोडकं झुंबर. वरचं कापड निघतं, ऑर्गन दणाणतो आणि ते झुंबर उजळत उजळत थेट आपल्या डोक्यावर चढायला लागतं. माझ्या शेजारी एक काकू चपला काढून, पाय वर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी माझं मनगट गच्च धरलं. ओळख ना पाळख.

“ऑर्गन?” मास्तरांचे कान टवकारले. “पायपेटी?”

“नाही मास्तर. चर्चमध्ये असतो तसला, पाइपांचा.”

“मग तसं सांग.” मास्तरांनी संगीत नाट्यस्पर्धांत तीसेक वर्षं ऑर्गनची साथ केलीय, त्यामुळे ‘ऑर्गन’ हा शब्द त्यांच्या मालकीचा आहे. “बरं, वन्समोअर किती आले?”

वन्समोअर नसतो तिथे, मी सांगितलं. खाली खड्ड्यात वादक बसलेले, कंडक्टरची काठी चाललेली. धूर, दिवे, तळघरातल्या पाण्यावरची ती होडी, सगळं त्या सुरावटीला बांधलेलं.

“म्हणजे एखाद्या रात्री गाणारीचा आवाज लागला, अगदी लागलाच, तर तिने काय करायचं?”

“ठरलंय तेवढंच गायचं.”

मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू माझ्या घरी काहीतरी वाईट घडलंय. मग अपेक्षेप्रमाणे गाडी 8 जुलै 1921 वर गेली. संयुक्त ‘मानापमान’. टिळक स्वराज्य फंडासाठी दोन प्रतिस्पर्धी नाटक कंपन्या एका रंगमंचावर, नायिका बालगंधर्वांची भामिनी आणि नायक केशवराव भोसल्यांचा धैर्यधर. “लोक गोष्ट बघायला नव्हते आले. गोष्ट पाठ होती. आज हा किती गातो आणि त्यावर तो काय उत्तर देतो, ते ऐकायला आले होते. माझे आजोबा स्वतः होते तिथे.”

“मागच्या वेळी आजोबांचे मित्र होते,” शलाका म्हणाली.

शलाकाचं ऑफिसच बीकेसीत. तिने हा प्रयोग दोनदा पाहिलाय आणि ती आकडे घेऊनच येते. लंडनला 1986 पासून, न्यूयॉर्कला 26 जानेवारी 1988 ते 16 एप्रिल 2023, तिथेच 13,981 प्रयोग. “आणि मास्तर, पदामागून पद आणि वन्समोअरवर वन्समोअर करत पहाट व्हायची, तेव्हा नायिका रुसलीय कशासाठी हे तिलाही आठवत नसेल. इथे गाणं चालू असताना गोष्ट थांबत नाही. न दिसणारा माणूस इथल्या नायिकेला गाणं शिकवतोय, ती त्याला देवदूत समजतेय, आणि हे सगळं गाण्यातच घडतं.”

“प्रशांत दामलेंचे एकट्याचे साडेबारा हजार प्रयोग 2022 मध्येच झाले,” दिप्या मध्येच म्हणाला. याचा मुद्द्याशी काय संबंध ते कोणी विचारलं नाही. पण आकडा सगळ्यांना आवडला.

मास्तर मात्र शलाकाच्या वाक्यावर थांबले होते. “गाण्यातच घडतं म्हणतेस, तर ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये काय घडतं? 1967 चं नाटक. तिथे शिष्य लपूनछपून गाणं उचलतो. तुझ्याकडे गुरू लपलाय, एवढाच फरक. फक्त आमच्याकडे झुंबर नव्हतं.”

इथे मला कबूल करायला हवं. झुंबर पडलं तेव्हा मी खरोखर दचकलो, टाळ्याही भरपूर वाजवल्या. पण दोन हजार खुर्च्यांच्या त्या ग्रँड थिएटरमध्ये आवाज इतका स्वच्छ आणि इतका चहूबाजूंनी येत होता की गाणारीचा गळा नेमका कुठे आहे ते कळेना. गिरगावात साहित्य संघाच्या नाट्यगृहात पुढच्या रांगेत बसलं की तान घेण्याआधीचा श्वास ऐकू येतो. तो मी शोधत राहिलो. मास्तरांना हे सांगितलं नाही, नाहीतर आजोबा परत आले असते.

दिप्या लाइटवाला आहे. इतका वेळ तो ग्लास फिरवत होता. “तुमचं दोघांचंही ठीक आहे,” तो म्हणाला. “पण आमच्याकडे पहिला प्रश्न काय असतो माहितीय? टेम्पोत मावेल का? सकाळी एकाचं नाटक, दुपारी दुसऱ्याचं, रात्री तिसऱ्याचं. आधीच्याचा सेट निघत असतानाच आपला आत सरकवायचा. आमचा दिवाणखाना बिजागऱ्यांवर मिटतो. भिंतीवरच्या फोटोला मागून नंबर टाकलेला असतो. मला नाही झुंबर पाडता येणार? येईल की. पण दुपारच्या शोवाल्यांचा माणूस विंगेत उभा असतो घड्याळ बघत.”

कोणी काही बोललं नाही. शलाकाने चहाचे पैसे दिले.

उठताना दिप्याने मला बाजूला घेतलं. “एक सांग. प्रयोग संपला की ते झुंबर कुठे ठेवतात?”

“कुठे म्हणजे? तिथेच. दुसऱ्या दिवशी परत लागतं ना.”

“रात्री उतरवत नाहीत?”

“नाही.”

“टांगलेलंच असतं?”

“हो रे.”

“च्यायला,” दिप्या म्हणाला, आणि कोपऱ्यापर्यंत चालताना दोनदा परत तेच म्हणाला.