नेलपॉलिशची रेघ

आमच्या घरात गॅस्केट हा शब्द नवराबायको दोघांच्याही तोंडात आहे. तिचं गॅस्केट कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानात मिळतं, माझं कस्टम ड्यूटी भरून परदेशातून येतं, एवढाच काय तो फरक. आणि त्यावरून होणारे वाद.

माझ्याकडे एक जुनी मारुती एस्टीम आहे. १२९८ सीसी, ८५ हॉर्सपॉवर, स्वभावाने गरीब. तिला मी टर्बो लावला, म्हणजे इंजिनात जबरदस्तीने जास्त हवा कोंबणारा पंखा. कशाला, असं विचारू नका. विचारणाऱ्यांची रांग मोठी आहे आणि रांगेत सासूबाई पुढे आहेत. एलबीएस मार्गावर भांडुप ते मुलुंड जाताना तिसरा गिअर पडला तर तो दिवस मी कॅलेंडरवर लिहून ठेवतो, आणि माझ्या टर्बोला जाग यायलाच तीन हजार आरपीएम लागतात. तरी लावला. पन्नाशी आली की कुणी विपश्यनेला जातं, कुणी ट्रेकिंगचे बूट घेतं.

महिन्याभरात हेड पॅकिंग, म्हणजे माझं ते गॅस्केट, उडालं. गाडीची चूक नाही, तिने टर्बो मागितला नव्हता. इग्निशन, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मीच हावरटपणे पुढे घेऊन ठेवलं होतं. इंजिन नॉक करायला, म्हणजे आतून ठकठकायला लागलं, तेव्हा मी रेडिओचा आवाज वाढवला. चौथ्या दिवशी मागून पांढरा धूर, आणि ऑइलचं झाकण उघडलं तर आत टपरीवरचा कटिंग. अगदी सायीसकट.

मिस्त्री भांडुपचे, मूळचे कुडाळकडचे. त्यांनी झाकणाच्या आत बोट फिरवलं, वास घेतला आणि म्हणाले, “पॅकिंग गेलं. नवीन टाकू. काय होवचा नाय.” माझ्या गाडीच्या बाबतीत जे जे काही झालं आहे ते सगळं या वाक्यानंतर झालं आहे.

त्या रात्री मी कागद-पेन घेऊन बसलो. ब्लॉक म्हणजे इंजिनाचं धड, हेड म्हणजे त्याच्यावरचं झाकण, आणि दोघांच्या मध्ये हे पॅकिंग असतं. त्याच्या एका भोकात आग, शेजारच्या भोकात पाणी, त्याच्या शेजारी ऑइल. चाळीतल्या खोल्यांसारखं, मधली भिंत नावाला, आणि तरी कुणी कुणाच्या घरात शिरायचं नाही ही अपेक्षा. एस्टीमचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ७४ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ४३ चौरस सेंटिमीटर. बूस्टवर, म्हणजे टर्बो हवा कोंबत असताना, आत शंभर बार दाब धरला तर एकेक सिलिंडर हेडला चार टनांहून जास्त जोराने वर ढकलतो. माणसांत सांगायचं तर सकाळी दादरला एका दारातून पासष्ट जणांनी एकदम बाहेर पडायचं ठरवलं, तर दाराला जे वाटेल ते. सहा हजार आरपीएमला हे दादर एका सिलिंडरमध्ये सेकंदाला ५० वेळा येतं. आणि अडवायला कोण, तर दहा बोल्ट.

“पण तुम्ही प्रेशर देता किती?” बायकोने विचारलं.

“एक बार.”

“म्हणजे किती?”

इथे माझी जीभ घसरली. “साधारण... आपल्या कुकरएवढं.”

ती वळली. ओट्यावर वीस वर्षांचा कुकर तिसऱ्या शिट्टीच्या तयारीत होता. त्याने योग्य वेळ साधून ती दिली.

अगं, एक बार ही नुसती आत जाणारी हवा, पुढे तिच्यात पेट्रोल पेटतं, मग शंभर होतात, असं मी बरंच समजावलं. आपल्या कुकरची शिट्टी तशीच टर्बोची वेस्टगेट, जास्तीचं प्रेशर सोडून देते, हेही सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि प्रेमाने विचारलं, “अहो, तुमचं गॅस्केट फ्रीजरमध्ये ठेवून बघितलंत का? माझं सैल झालं की मी ठेवते.”

ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत फिरलो. “एस्टीमचं पॅकिंग? हे घ्या.” टर्बोच्या एस्टीमचं हवंय म्हटल्यावर काउंटरवरच्या माणसाने वजनकाट्यावरून नजर उचलली. “शेठ, एस्टीमला टर्बो आलाच नव्हता.” मी म्हटलं, “माझ्याकडे आहे.” त्याने आतल्या माणसाला हाक मारून मला दाखवलं. शेवटी बाहेरून मागवलं: स्टीलच्या तीन पत्र्यांचं, वर रबराचा पातळ लेप, प्रत्येक बोअरभोवती उठवलेली स्प्रिंगसारखी कड. हेड दाबलं की ती कड उलट दाबते. फार हुशार वस्तू, पण नखरेल. खालीवरचा पृष्ठभाग गुळगुळीत नसेल तर बसतच नाही.

म्हणून हेड फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, कुर्ल्याला न्यायचं ठरलं. गाडी अर्थातच बंद. मी हेड जुन्या चादरीत गुंडाळलं आणि लोकलच्या लगेज डब्यात शिरलो. रिकाम्या टोपल्या घेऊन बसलेल्या एका मावशीने गाठोडं न्याहाळलं. “पेटी काय रे? भजनाची?” मी हो म्हटलं. विक्रोळी ते कुर्ला एवढ्या वेळात खरं सांगून संपलं नसतं.

परत आल्यावर डायनिंग टेबलावर हेड उलटं ठेवलं, त्यावर सरळ पट्टी आडवी, तिरपी, उभी धरली आणि फटीत फीलर गेज घालून पाहिलं. ०.०५ मिलिमीटरची पाती कुठेच शिरत नव्हती. केसाहून बारीक! मी बायकोला बोलावून दाखवलं. तिने टेबलावरचा ऑइलचा डाग बघितला, जो केसाहून बराच जाड होता.

रविवारी हेड चढवायचं होतं. मिस्त्रींना घाई, गणपतीला गावी जायचं होतं. बोल्टऐवजी मी स्टड, म्हणजे डोकं नसलेले आट्यांचे दांडे, आणले होते, कारण ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये बोल्ट पुन्हापुन्हा फिरवले की आटे जातात. स्टड एकदा हाताने बसवला की वर फक्त नट फिरतो. भोकं आधी हवा मारून कोरडी करायची, तळाशी ऑइल किंवा पाणी साचलेलं राहिलं तर बोल्ट खाली येताना ते दाबलं जाऊन ब्लॉकला तडा जातो. ऑगस्टमधल्या मुंबईत काहीतरी कोरडं करणं म्हणजे काय, ते ज्यांचे टॉवेल चार दिवस दोरीवर आहेत त्यांना सांगायला नको.

मिस्त्रींनी खिशातून लाल सीलंटची ट्यूब काढली.

“याला लावायचं नसतं, मिस्त्री. लेप आहे आधीच.”

“थोडंसं. मनाच्या समाधानासाठी.”

“कुणाच्या मनाच्या?”

ट्यूब खिशात गेली, पण चेहरा पडला. पुढचा प्रसंग टॉर्क रेंचचा. तीस वर्षं ज्या माणसाने मनगटाने इंजिनं बांधली, त्याच्या हातात मी ‘टक’ वाजणारा पाना दिला. त्यांना समजावलं की आपण जेवढा जोर लावतो त्यातला नव्वद टक्के घर्षणातच जातो, स्टड ताणायला जेमतेम दहा टक्के उरतो. म्हणून आट्यांना ते काळं ग्रीस नीट लावायचं, नाहीतर रेंच खोटं बोलतो. मिस्त्री म्हणाले, “आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सचंही असंच आहे.”

आणि क्रम! मधून सुरू करून बाहेर बाहेर जायचं, पुरणपोळी लाटतात तसं. कडेपासून दाबलं तर पुरण मधे गोळा होतं. तीन फेऱ्या: ३०, ५५, ८० न्यूटन-मीटर. मी खडूने हेडवर एक ते दहा आकडे लिहिले, मिस्त्री आवळत गेले, मी मोठ्याने मोजत गेलो. शेवटच्या फेरीत सातव्या नटावर टक वाजेना. मिस्त्री ओढतायत, मी श्वास धरलेला, मनात ब्लॉक, स्टड, बायको, कस्टम ड्यूटी, सगळं येऊन गेलं. मग वाजला. तेवढा गोड आवाज मी सनईचाही ऐकला नाही.

गाडी सुरू झाली. धूर नाही, ऑइल मधासारखं. पुढच्या रविवारी पहाटे ईस्टर्न फ्रीवेवर, वेगमर्यादेच्या आत, चार सेकंद पूर्ण बूस्ट मिळाला. चार. घरी येऊन, इंजिन गार झाल्यावर, मी कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, बाटलीवर पातळी जिथे होती तिथे बायकोच्या नेलपॉलिशने रेघ मारली. हेड बूस्टवर जरा जरी उचललं गेलं तरी गॅस पाण्यात घुसून ते बाहेर फेकतो, आणि सकाळी गार इंजिनावर बाटली खरं बोलते.

पंधरा दिवस मी रोज ऑफिसला गाडी नेली आणि रोज सकाळी आंघोळ करून बॉनेट उघडलं. पातळी रेघेवर. तंतोतंत. मी ऑफिसात सांगितलं, मेहुण्याला सांगितलं, मिस्त्रींना फोन केला, ते कुडाळला पोचलेही होते. कुकरसमोर उभं राहून मी बायकोलाही सांगितलं.

सोळाव्या दिवशी वॉचमनकाका चावी द्यायला आले. आमच्याकडे गाड्या एकामागे एक लागतात, म्हणून सगळ्यांच्या चाव्या रात्री त्यांच्याकडे असतात.

“साहेब, मी पण गणपतीला गावी चाललो. बदलीवाल्याला समजावून ठेवलंय. तुमच्या त्या बाटलीत रोज दोन बोटं पाणी कमी असतं ना, ते तो पहाटे टाकीतलं भरून ठेवेल. बरोबर लाल रेघेपर्यंत.”