कोड मी का दिला नाही

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया सकाळी वाचली आणि दुपारी जेवताना ह्यांनाही वाचून दाखवली. ते म्हणाले, "माणूस काही चुकीचं बोलत नाहीये." म्हणजे आमच्या घरातच तुमचा पक्ष भक्कम आहे. तरी उत्तर देते, आणि जरा सविस्तर देते, कारण इतक्या वर्षांत आयटीआयमधून फिटर घडवून बाहेर काढलेल्या माणसाला दोन ओळींत वाटेला लावणं बरं दिसणार नाही.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डिचोलीच्या आमच्या घरातली जुनी कुकिंग रेंज, वर चार बर्नर आणि खाली गॅसचा ओव्हन, तळातून गंजून संपली. नवीन घेतली ती ६० सेंटीमीटर रुंदीची, वर गॅस आणि खाली विजेचा ओव्हन. ती बसवायला आलेल्या मुलाने काय केलं आणि काय केलं नाही, ते मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: काम झाल्यावर ग्राहकाने सांगायचा जो कोड फोनवर येतो, त्या कोडसाठी गरीब पोराला अडवून धरणं ही मुजोरी आहे, नव्या शेगडीने भांड्याला थोडी काजळी धरली म्हणून एवढा आकांत कशाला, आमच्या काळी गळती काडी पेटवूनच बघायचे, आणि दोन बर्नरच्या शेगडीत भागत असताना ही रेंज म्हणजे चोचले.

चोचल्यांचं आधी निकालात काढते. नाताळाच्या आधी मी ऑर्डरी घेते. शेजारपाजारच्या बायका बोल (नाताळचा गोड पदार्थ), केक, नानकटाई सांगतात, त्यातून माझे चार पैसे सुटतात. आणि गणेश चवथीला एका बर्नरवर खतखतं, दुसऱ्यावर नेवऱ्यांची कढई, तिसऱ्यावर भात अशी स्थिती असते. दोन बर्नरवर ते निभवून दाखवणारा पुरुष मला अजून भेटायचाय.

आता काजळी. नव्या ओव्हनमध्ये पहिल्यांदा उष्णता लागली की आतलं संरक्षक तेल जळून वास येतो, हे तुम्ही लिहिलंत ते अगदी खरं. पण बर्नरच्या ज्योतीचा त्या तेलाशी काय संबंध? माझ्या चारही बर्नरची ज्योत लांब, लोंबणारी आणि टोकाला पिवळीजर्द होती. पेजेचा टोप एकदा चढवून उतरवला तर तळ काळाकुट्ट, बोट लावलं की बोट काळं. त्या मुलाला दाखवलं. तो म्हणाला, "नया है मॅडम, दो-चार दिन में सेट हो जाएगा."

तो थर्माकोल आणि पुठ्ठे गोळा करून बाहेर टाकायला निघाला, तेव्हा मी ते उलटेपालटे केले. कोपऱ्यात चिकटपट्टीने चिकटवलेली प्लॅस्टिकची इवलीशी पिशवी निघाली. आत पितळेचे बारीक जेट, म्हणजे ज्यांच्या भोकातून बर्नरमध्ये गॅस येतो ते तुकडे. पुस्तिकेत त्यांचा तक्ता होता. मग मी मधल्या बर्नरचं झाकण काढून मोबाइलच्या उजेडात आत बघितलं. बसवलेल्या जेटवर ९७ असा आकडा कोरलेला, पिशवीतल्या त्याच बर्नरच्या जेटवर ६५. हा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. ९७चा जेट पाइपाने येणाऱ्या नैसर्गिक वायूसाठी, ६५चा सिलिंडरच्या गॅससाठी. तुम्हाला हे सांगायला नको, पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते. पाइपातला वायू बहुतांशी मिथेन. सिलिंडरमधला प्रोपेन-ब्युटेन, तेवढ्याच आकारमानात तो मिथेनच्या साधारण अडीच ते तीनपट उष्णता देतो आणि येतोही जास्त दाबाने. त्याला मोठं भोक दिलं की गॅस भसाभसा सुटतो, त्याच्याबरोबर पुरेशी हवा ओढली जात नाही आणि तो अर्धवट जळतो. मग ज्योत पिवळी होते, काजळी धरते आणि सोबत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही तयार होतो, ज्याला ना रंग ना वास. आमच्याकडे पाइप नाही, सिलिंडर आहे, तो ओट्याखाली लालबुंद उभा होता. फिटरने तो बघून जेट बदलायचे असतात. बदलले नाहीत तर चार दिवसांत काय, चार वर्षांतही काही "सेट" होणार नाही.

तुम्ही लिहिलंत, "एवढं बारीक कोण बघतं?" सर, हेच बघायला तर त्याला बोलावला होता!

काडीबद्दल मात्र मला खरंच राग आला, तुमचाही आणि त्याचाही. रेग्युलेटर चालू करून त्याने खिशातून लायटर काढला, पेटवला आणि नळीच्या सांध्याभोवती ओवाळल्यासारखा फिरवला. "देखो मॅडम, कुछ नहीं." तुमच्या काळी कुणी मेलं नाही म्हणता. मेलेले प्रतिक्रिया लिहायला येत नाहीत. हा गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड. तो खिडकीतून निघून जात नाही, खाली बसतो, जमिनीलगत, ओट्याखालच्या कप्प्यात, सिलिंडरच्या बुडाशी. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास मिसळला की पेट घ्यायला तेवढा पुरतो. त्यात जुलैचा पाऊस तिरका येतो म्हणून आमची स्वयंपाकघराची खिडकी घट्ट बंद. अशा जागेत ज्योत घेऊन गळती शोधायची, म्हणजे ती सापडलीच तर सांगायला कोण उरणार? मोरीवर भांड्यांचा साबण होता. वाटीभर पाण्यात फेस करून सांध्याला लावायचा. त्याला दोन मिनिटं लागतात आणि पैसा लागत नाही.

पुढचं मूळ लेखात नव्हतं, कारण ते नंतर घडलं. दुसरा माणूस आला, पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याने आल्या आल्या रेग्युलेटर बंद करून उतरवला, सात नंबरच्या पान्याने एकेक जेट बदलला, नॉब काढून बारीक आचेचा स्क्रू पिळून बसवला, मग गॅस चालू करून प्रत्येक सांध्याला फेस लावला आणि मला म्हणाला, "इथं बघा." रेंजच्या मागच्या नोझलपाशी एक फुगा हळूहळू मोठा होत होता. फुटला, परत आला. लायटरला जे दिसलं नव्हतं ते हे. नळी नोझलवर पुरती चढवलीच नव्हती, वरून क्लिप मात्र आवळलेली. शिवाय ती नळी ओव्हनच्या पाठीच्या पत्र्याला टेकून नेली होती. नारिंगी रबरी नळी, आणि पलीकडे दोनशे अंशांचा ओव्हन. ती पाच वर्षं टिकेल असं तिच्यावर छापलेलं असतं, पण ते भाजून काढल्यावर नव्हे.

सॉकेटचं थोडक्यात. ओव्हन २४०० वॅटचा, म्हणजे दहा अँपिअरच्या वर. १६ अँपिअरचं सॉकेट पलीकडच्या भिंतीला होतं, वायर पोचेना, म्हणून पोराने जवळच्या ६ अँपिअरच्या सॉकेटात कन्व्हर्टर खुपसून ओव्हन सुरू करून दाखवला. कन्व्हर्टर मी काढून टाकला आणि आमच्या वायरमनकडून नवीन पॉइंट घेतला.

आता कोड, ज्यावरून तुम्ही मला मुजोर म्हणालात.

तो मुलगा आला तेव्हा अंगावरचा रेनकोट निथळत होता. तो काढायच्या आधी त्याने विचारलं, "मॅडम, ओटीपी आया होगा, बता दो." काम सुरू व्हायच्या आधी! मी त्याला आधी चहा दिला आणि विचारलं, एवढी घाई का? त्याने सगळं सांगितलं. पगार नाही, कामामागे पैसे. पेट्रोल त्याचं, मोटरसायकल त्याची. त्या दिवशी पुढची कामं साखळीला आणि वाळपईला होती. कोड टाकला की काम "क्लोज", नाही टाकला तर त्या कामाचे पैसे लटकतात आणि वरून सुपरवायझरचा फोन येतो. पावसात वाळपईपर्यंत जाणाऱ्या माणसाला माझ्या जेटमध्ये आणि फेसात वेळ घालवणं परवडत नाही, हे मला त्याच क्षणी कळलं. त्याच्या गरिबीबद्दल तुम्ही मला जे सांगताय ते मला त्याच्याच तोंडून ठाऊक आहे.

आणि तरी मी कोड दिला नाही. जेट बदल, नळी मागून काढून बाजूने घे, साबणाने तपास, आणि मग घे कोड, इतकंच म्हटलं. त्याने सुपरवायझरला फोन लावून माझ्या हातात दिला. पलीकडून आवाज आला, "आप कोड दे दीजिए, मैं दूसरा आदमी भेजता हूँ." कोड दिला की कंपनीच्या लेखी माझं काम उत्तम झालं. नंतर केलेली तक्रार ही नवी तक्रार, तिला नवा नंबर, आणि माणूस आला की त्याचे वेगळे पैसे. माझ्या बाजूने त्या सगळ्या व्यवहारात तेवढे चार आकडेच होते. पूर्ण पैसे तर मी दुकानात आधीच मोजले होते.

पोरगा कोड न घेता गेला. त्याचं नुकसान झालं आणि ते मला डाचतं. पण सर, विचार करा, ही व्यवस्था लावली कुणी? त्याची मजुरी आणि माझ्या घराची सुरक्षितता एकाच कोडला बांधायची, आणि मग आम्हा दोघांना ओट्यापाशी भांडत ठेवायचं. ज्यांनी ती लावली ते फोनवर "युअर कॉल इज इम्पॉर्टंट" ऐकवत बसतात. तुम्हाला त्या मुलाची बाजू घ्यायची असेल तर जरूर घ्या, मीही घेते. त्याला कामामागे इतके कमी पैसे आणि इतकी घाई देणाऱ्याला विचारा. पण गळती न तपासता उठणं हा त्याचा हक्क आहे असं मला सांगू नका. तुमच्या प्रॅक्टिकलला एखाद्या मुलाने लायटरने सांधा तपासला असता तर तुम्ही त्याला किती मार्क दिले असते?

तुम्ही म्हणता, "दुकानदाराकडे जायचं होतं." गेले की. म्हापशाच्या ज्या दुकानातून रेंज घेतली त्यांनी सांगितलं, बसवणं कंपनीकडे. कंपनीच्या फोनवर सांगितलं, गोव्यात आमचा अधिकृत पार्टनर आहे. पार्टनर म्हणाला, माणूस आमचा नाही, आम्ही काम वाटून देतो. रेंज बसवायला ओट्याचा ग्रॅनाइट कापण्याचं काम तर कुणीच आपलं म्हणेना, आणि कोटेशनवर दुकानाच्याच शिक्क्याखाली "ओटा कटिंगसह" असं लिहिलेलं. प्रत्येक जण इतक्या गोड आवाजात दुसऱ्याचा नंबर देत होता की रागवायला जागा सापडेना.

शेवटी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ला, तक्रार नोंदवली. बिल, कोटेशन, ९७च्या जेटचा फोटो, सगळं जोडून. त्यानंतरच तो दुसरा माणूस आला. ज्यांच्यावर अशी वेळ आलीय त्यांच्यासाठी सांगते: २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतली त्रुटीही येते, नुसती बिघडलेली वस्तू नाही. आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी पडत नाही. आणि गॅसचा वास आला तर हे सगळं बाजूला ठेवून आधी १९०६. तो गळतीसाठीच आहे. दिव्याचं बटणसुद्धा दाबायचं नाही, रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडायच्या आणि बाहेर येऊन फोन करायचा.

नाव का घेत नाही, असं तुम्ही टोमणा मारल्यासारखं विचारलंत. त्या मुलाचं नाव घेऊन काय साधेल? दुकानाचंही घेत नाही, कारण शेजारच्या दुकानात गेले असते तरी हाच फोनाफोनीचा खेळ झाला असता, अशी माझी खात्री आहे.

तुमच्या एका मुद्द्याला मात्र तुम्ही लिहिलंत त्याहून जास्त वजन आहे, तो म्हणजे ओटा आधी कापून ठेवण्याचा. मी ठेवला नाही, कारण रेंजच्या पुस्तिकेतच लिहिलंय की वस्तू घरी आल्यावर प्रत्यक्ष माप घेऊन कापा आणि दोन्ही बाजूंना जागा सोडा. पण ते काम शेवटी ज्याने केलं त्याने सिंकच्या बाजूची पट्टी इतकी अरुंद ठेवली की ग्राइंडर लागताच तिला कोपऱ्यापासून चीर गेली. आमचा नेहमीचा मेस्त बघून गेला आणि "चवथीनंतर बघूया" म्हणाला. तोवर त्या चिरेत पाणी मुरतंय आणि खालच्या प्लायला वास यायला लागलाय.

तेव्हा सर, तुमच्या विद्यार्थ्यांपैकी कुणी ग्रॅनाइटचं काम करणारा डिचोली-साखळीच्या बाजूला येत असेल तर कळवा. त्याच्याकडे पाणी सोडत कापणारा कटर हवा आणि काम झाल्यावर लेखी पावती देण्याची तयारी हवी. पैसे मी काम बघूनच देईन, पण त्याच दिवशी देईन.