मँडोलिन त्याचं होतं, वाजवलं कोणी?

जुनं मँडोलिन विक्रीला आलं की एक दावा हमखास फिरू लागतो: 'हे अमुक रॉक कलाकाराच्या मालकीचं होतं, म्हणजे त्याच्या गाजलेल्या गाण्यात ऐकू येतं ते हेच. शिवाय लाकूड जुनं, असा नाद नव्या वाद्यात मिळणार नाही.' लोक विश्वास ठेवतात, पुढे पाठवतात. यात खऱ्या वादकावर अन्याय होतो, म्हणून उत्तर द्यायला हवं.

आधी मालकीचं पाहू. रॉकमध्ये मँडोलिन अनेकदा पाहुण्या वादकाने वाजवलेलं असतं. रॉड स्टुअर्टचं १९७१ सालचं 'मॅगी मे' घ्या. शेवटी येणारी ती लख्ख धून लिंडिसफार्न या बँडच्या रे जॅक्सनची. अल्बमच्या वेष्टनावर मात्र 'लिंडिसफार्नच्या मँडोलिनवादकाने वाजवलं, नाव आठवत नाही' अशा अर्थाची ओळ छापली गेली. बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या टीव्ही कार्यक्रमात हे गाणं सादर झालं तेव्हा मँडोलिन होतं रेडिओ निवेदक जॉन पीलच्या हातात, आणि तो वाजवण्याचा नुसता अभिनय करत होता. ते चित्रण पाहून पीलनेच वाजवलं असं कुणालाही वाटेल. गाणं ब्रिटन आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. जॅक्सनने नंतर सांगितल्याप्रमाणे त्याला त्या ध्वनिमुद्रणाचे १५ पौंड मिळाले होते. मुंबईच्या स्टुडिओंतल्या कितीतरी वादकांची नावं तबकड्यांवर कधीच आली नाहीत. लक्ष्मीकांत कुडाळकर संगीतकार होण्याआधी तिथेच मँडोलिन वाजवत. आपल्याला हे दुखणं नवं नाही.

उलट उदाहरणही आहे. लेड झेपलिनच्या 'द बॅटल ऑफ एव्हरमोर'मधलं मँडोलिन जॉन पॉल जोन्सचं. हेडली ग्रेंज या इंग्लंडमधल्या जुन्या घरात ते बँडचा गिटारवादक जिमी पेजने सहज उचललं आणि गाणं सुचलं. त्याआधी त्याने हे वाद्य वाजवलेलं नव्हतं. म्हणजे मालक एक, वादक दुसरा, एकाच बँडमध्ये!

'जुनं म्हणून सुरेल' हेही सरसकट खरं नाही. मँडोलिनवर तारांच्या चार जोड्या असतात, आठ पोलादी तारांचा ताण वर्षानुवर्षं लाकडावर पडत राहतो. वरची फळी खचते, मान वाकते, पडदे झिजतात, मग सूर हलतो. ज्यांची खरोखर ख्याती आहे ती गिब्सन या अमेरिकन वाद्यकंपनीची एफ-५ मँडोलिनं, तिथला रचनाकार लॉइड लोअरच्या सहीची, १९२२ ते १९२४ मधली. त्यांचा मान कारागिरीचा आहे, केवळ वयाचा नाही. आणि आर.ई.एम. या बँडच्या पीटर बकने 'लूझिंग माय रिलिजन'ची धून बांधली तेव्हा तो मँडोलिन नुकतंच विकत घेऊन शिकत होता.

नावामुळे किंमत वाढते, हे मात्र मान्य. निर्वाणा बँडचा गायक कर्ट कोबेनची मार्टिन कंपनीची गिटार २०२० मध्ये ६० लाख डॉलरला गेली. पण १९९३ च्या एमटीव्हीवरच्या 'अनप्लग्ड' मैफलीत ती त्याच्या हातात होती, हे चित्रीकरणात दिसतं. मँडोलिनसाठीही असाच पुरावा मागायला हवा. अनुक्रमांकावरून वाद्य साधारण कधी बनलं ते कळतं, कुणाकडे होतं ते नाही. त्यासाठी पावती लागते, हस्तांतराची कागदपत्रं लागतात, किंवा ज्यात लाकडाच्या रेषा आणि ओरखडे जुळतील असं त्या काळातलं छायाचित्र. यातलं काही नसेल, तर विक्रेत्याने किंमत फक्त वाद्याची सांगावी, आणि गाण्याचं नाव घेतलं तर सोबत वादकाचंही घ्यावं.