भाराभर चिंध्यांबद्दल

वाचकमहोदय,

सर्जनशीलता एका कलेतून दुसऱ्या कलेत कशी वाहते, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : ‘गीतलेखन, छायाचित्रण, वास्तुरचना आणि वर संगीत नाटक! एक ना धड, भाराभर चिंध्या. एकाच कलेत आयुष्य घालवलेल्यांना हे वाचून हसू येईल. राग मानू नका.’ पुढे आणखी तीन मुद्दे आहेत, त्यांच्याकडे येतो. आधी हे हसू.

मतभेदाला माझी ना नाही. पण आधी चिंध्या म्हणायचं आणि मग ‘राग मानू नका’ची शेपटी जोडायची, ही कुठली रीत? आणि आयुष्य घालवलेल्यांच्या वतीने हसायचं मुखत्यारपत्र तुम्हाला दिलं कोणी?

त्यांच्यापैकीच एक अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स. तरुणपणी तो पियानोवादक व्हायला निघाला होता. निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे तिचं वादन, असं तो म्हणायचा. त्याला हसून दाखवा. संगीतकार यानिस झेनाकिसच्या ‘मेटास्टासिस’ या वाद्यवृंदाच्या रचनेत तंतुवाद्यं एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातात, कागदावर प्रत्येक घसरण ही सरळ रेघ, पण सगळ्या रेघा मिळून वक्र पृष्ठभाग तयार होतो. १९५८च्या ब्रसेल्स प्रदर्शनातला फिलिप्स पॅव्हिलियन, म्हणजे फिलिप्स कंपनीचं दालन, त्याने वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिएच्या कार्यालयात असताना याच कल्पनेवर उभा केला. चिंध्याच म्हणायच्या का या?

आता माझं. एका वास्तुरचनाकाराच्या ऑफिसात मी वर्षानुवर्षं जिन्यांची ड्रॉइंग काढली आहेत आणि त्याच काळात हौशी संगीत नाटकांसाठी पदंही लिहिली. हे मिरवायला सांगत नाही (थोडं मिरवायलाही). जिन्यात सगळ्या पायऱ्यांची उंची सारखी लागते. दोन-तीन पायऱ्या चढल्या की ती पायाला पाठ होते, नजर दुसरीकडे गेली तरी चालतं. पुढची एखादी सेंटिमीटरभर उंच निघाली, की माणूस तिथेच ठेचकाळतो. तयार चालीवर शब्द बसवताना अगदी हेच होतं. पहिल्या दोन ओळींत कान मात्रांचा हिशेब पकडतो. तिसरीत एक मात्रा वाढली, की गाणारा अडखळतो आणि ऐकणाराही.

एका पदात ओळीच्या शेवटी, जिथे सूर लांबवायचा होता, तिथे मी ‘एकांत’ लिहिलं होतं. अर्थ चोख होता. गायिकेला मात्र त्या ‘त’वर थांबता येईना, दरवेळी आवाज मिटायचा. मी शब्द बदलून ‘एकला’ केला आणि त्या ‘आ’वर तिचा सूर मोकळा झाला. मला हे चटकन कळलं ते जिन्यांमुळे. थांबायच्या जागी ऐसपैस लँडिंग लागतं, हे ज्याने कागदावर शंभरदा काढलंय त्याला थांबायच्या सुराला उघडं अक्षर लागतं, हे समजावून सांगावं लागत नाही. तुम्ही याला लुडबुड म्हणा. मी याला शिक्षण म्हणतो.

एक गोष्ट मान्य. माझ्या लेखातला छायाचित्रणाचा भाग उरकल्यासारखा झालाय. तिथे तुमचा ‘चिंध्या’ शब्द बरोबर आहे.

राहिले तीन मुद्दे. झेनाकिस अपवाद आहे, तो शिकलेला इंजिनियर होता, म्हणता. असेल अपवाद. मग १८८० साली ‘शाकुंतल’ची संहिता आणि पदं लिहून ते रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्करही अपवाद ठरवा, नंतर आणखी दोघांना, यादी सोयीने कापत गेलं की नियम आपोआप सिद्ध होतो. प्रत्येक कलेचं तंत्र वर्षानुवर्षं घोटावं लागतं, हे नाकारलंय कोणी? लेखाचा तो विषय नव्हता. आणि कॅमेऱ्यांच्या खर्चाबद्दल पुन्हा कधीतरी.

तुमच्या एवढ्या लांब प्रतिक्रियेत एक माहिती तेवढी सापडली नाही : तुम्ही स्वतः कोणत्या एका कलेत आयुष्य घातलंत? ते कळवा, मग पुढचं बोलू.