‘घरी रोज चादर बदलता का?’ विचारणाऱ्यांसाठी

हॉटेलात मागितल्याशिवाय खोलीची सफाई होत नाही, अशी तक्रार कुणी केली की एक ठरावीक मजकूर त्याच्या तोंडावर फेकला जातो. मजकूर साधारण असा: ‘घरी तुम्ही रोज चादर बदलता का? मग हॉटेलातच कशाला हवी? सफाई कमी केली की पाणी वाचतं, वीज वाचते, सफाई करणाऱ्या बाईचं काम हलकं होतं. आणि पाहुण्यांनाच खोलीत कुणी आलेलं नको असतं. ज्याला हवी त्याने मागून घ्यावी!’ वाचताक्षणी पटतं. मलाही पटलं होतं, पण सलग चार रात्री एका हॉटेलात काढेपर्यंतच.

चादर रोज बदलू नये, हे मान्य. पण रोजची सफाई म्हणजे चादर बदलणं, हे कुणी ठरवलं? तीच चादर झटकून अंथरूण नीट करता येतं. टोपली रिकामी करणं, बेसिन आणि कमोड पुसणं, ओला टॉवेल उचलणं, संपलेला टॉयलेट रोल बदलणं, जमीन झाडणं, ही खरी रोजची कामं. घरी आपण हे सगळं करतोच की, किंवा कुणीतरी आपल्यासाठी करतं. शिवाय घरी झाडू असतो, कपाटात धुतलेले टॉवेल असतात, कचरा टाकायला मोठा डबा असतो. हॉटेलच्या किल्लीबरोबर झाडू मिळाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. माझ्या त्या चार रात्रींतल्या तिसऱ्या संध्याकाळी वीतभर उंचीची टोपली ओसंडून वाहत होती. मी कचऱ्याची पिशवी हातात धरून लिफ्टने खाली गेलो, तर रिसेप्शनवर उत्तर मिळालं, ‘सर, आदल्या दिवशी सांगायला हवं होतं.’ खोलीच्या भाड्यात मात्र एका पैशाचीही सूट नव्हती.

आता पाणी आणि वीज. सफाईपुरतं बोलायचं तर या दोन्हींचा मोठा खर्च होतो लाँड्रीत. टोपली रिकामी करायला पाणी लागत नाही. म्हणजे चादरी-टॉवेल कमी धुण्याचं पुण्य दाखवून झाडणं-पुसणंही बंद करायचं, असा हा हिशेब आहे. ही चलाखी नवी नाही. ‘ग्रीनवॉशिंग’, म्हणजे पर्यावरणाचा मुलामा देऊन आपला फायदा साधणं, हा शब्द पर्यावरणवादी जे वेस्टरवेल्ड यांनी १९८६ साली वापरात आणला, तो हॉटेलांतल्या ‘टॉवेल पुन्हा वापरा, पृथ्वी वाचवा’ छापाच्या कार्डांवरूनच. पाहुणे पर्यावरणाबाबत बेफिकीर असतात असंही नाही. गोल्डस्टाइन, चिआल्डिनी आणि ग्रिस्केविशियस या संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, नुसतं पर्यावरणाचं आवाहन वाचून सुमारे ३५ टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला. ‘बहुतेक पाहुणे असंच करतात’ एवढं कार्डावर लिहिल्यावर हाच आकडा ४४ टक्क्यांवर गेला. म्हणजे नीट विचारलं तर लोक टॉवेल पुन्हा वापरतात. त्यासाठी सफाईच काढून घ्यावी लागत नाही.

सगळ्यात जास्त खटकतो तो सफाई करणाऱ्या बाईच्या नावाने केलेला युक्तिवाद. पाच दिवस न झाडलेली खोली चेकआउटच्या दिवशी एकदम समोर येते, तेव्हा ती कशी असते याची कल्पना करा. नळावर आणि फरशीवर साबणाचा थर वाळलेला, मोरीत केसांचा गुंता, गालिच्यात मुरलेले डाग, कोपऱ्यात ओल्या टॉवेलांचा ढीग. रोज पुसल्यावर चटकन निघणारी घाण आता खरवडून काढावी लागते. एका पाळीत किती खोल्या उरकायच्या, तो आकडा मात्र सहसा खाली येत नाही. वर सफाई कमी झाली की कामाचे दिवसही कमी होतात, आणि तासावर पगार असणाऱ्या बाईला ते आधी जाणवतं. २०१८ मध्ये मॅरियट या हॉटेल कंपनीच्या सुमारे ७,७०० कर्मचाऱ्यांनी अमेरिकेतल्या आठ शहरांत संप केला, तेव्हा ‘ग्रीन चॉइस’ नावाची सफाई नाकारण्याची योजना त्यांच्या तक्रारींत होती. काम हलकं करणाऱ्या योजनेविरुद्ध कुणी रस्त्यावर उतरतं का? रोजची सफाई कायमची गेली तर अमेरिकेतल्या हॉटेलांतल्या हाउसकीपिंगच्या, म्हणजे खोल्यांच्या सफाईच्या, ३९ टक्क्यांपर्यंत नोकऱ्या जातील, असा अंदाज युनाइट हिअर या कामगार संघटनेने २०२१ मध्ये मांडला. संघटनेचा आकडा आहे, तेवढं ध्यानात ठेवून वाचावा. पण मालकांची बाजूही फार वेगळं सांगत नाही. कोविड संपल्यावर आपली हॉटेलं जास्त नफ्याची आणि कमी माणसांत चालणारी असतील, असं हिल्टन या हॉटेल कंपनीचे प्रमुख ख्रिस्तोफर नसेटा यांनी २०२१ च्या सुरुवातीला सांगितलं, आणि त्यात हाउसकीपिंगचं नाव घेतलं. बोलणं गुंतवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्यांशी चाललं होतं. पृथ्वीला वाचवण्याचा विषय तिथे नव्हता.

पाहुण्यांनाच सफाई नको असते, यात अर्धं सत्य आहे. एका रात्रीपुरता उतरलो तर दारावर ‘डू नॉट डिस्टर्ब’ची पाटी मीही लावतो. लहान मूल घेऊन पाच दिवस राहणाऱ्यांना विचारा, उत्तर वेगळं येईल. आणि नकोच असेल, तर सफाई नाकारणाऱ्याला पॉइंट्स किंवा व्हाउचर देण्याची वेळ का यावी? स्टारवूड या हॉटेल कंपनीने हा प्रकार कोविडच्या दहा-बारा वर्षं आधीच सुरू केला होता. त्याहून मजा पुढे आहे. जुलै २०२१ मध्ये हिल्टनने अमेरिकेत रोजची सफाई मागितल्यावरच मिळेल असं जाहीर केलं, तेव्हा वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरिया आणि कॉनराडसारखे आपले आलिशान ब्रँड त्यातून वगळले. पाहुण्यांना नको असलेली गोष्ट सगळ्यात महागड्या खोलीतच तेवढी चालू राहते!

खाजगीपणाचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या लास वेगासमध्ये ऑक्टोबर २०१७ मध्ये एका पाहुण्याने हॉटेलच्या खोलीतून केलेल्या गोळीबारानंतर अनेक हॉटेलांनी नियम कडक केले. दारावर पाटी असली तरी ठरावीक वेळाने कर्मचारी खोलीत डोकावून जातो. म्हणजे कुणीतरी येणार ते येणारच, फक्त झाडू न घेता.

राहिलं ‘हवी त्याने मागून घ्यावी’. मागणं फुकट नसतं. रिसेप्शनसमोर उभं राहायचं, आदल्या दिवशीची वेळ पाळायची, ‘आज माणसं कमी आहेत’ हे ऐकून घ्यायचं, आणि हक्काच्या गोष्टीसाठी उपकार मागितल्यासारखं वाटून घ्यायचं. बरेच जण त्यापेक्षा ओला टॉवेल खुर्चीवर वाळत घालतात, आणि मग त्यांची गणना ‘सफाई नको’ वाल्यांत होते. न्यूयॉर्क शहराने नोव्हेंबर २०२४ मध्ये केलेल्या कायद्यात हा क्रम उलटा केला आहे. तिथे पाहुणा नको म्हणेपर्यंत रोज सफाई करायची आणि तिचे वेगळे पैसे घ्यायचे नाहीत.

चार माणसांवर चालणाऱ्या छोट्या हॉटेलाला रोज प्रत्येक खोली जमणार नाही, हे मला कळतं. त्यांनी दोन दिवसांआड करावी. फक्त ते बुकिंग करतानाच, भाड्याच्या आकड्याशेजारी लिहावं. पैसे भरून झाल्यावर उशीवर ठेवलेल्या हिरव्या कार्डावरून कळू नये.