‘वेबसाइटवर सुरू, काउंटरवर बंद’ या एक ताऱ्याच्या अभिप्रायाला गोल्फ कोर्सच्या मालकाचं उत्तर

सर, नमस्कार.

रविवारचा तुमचा अभिप्राय दोनदा वाचला. वेबसाइटवर हिरव्या अक्षरांत ‘कोर्स सुरू’ बघून तुम्ही पहाटे साडेचारला ठाण्याहून निघालात, सासऱ्यांना पाहुणे म्हणून आणलंत, आणि नाशिकला आमच्या काउंटरवर कळलं की बग्ग्या, म्हणजे कोर्सवर फिरायच्या छोट्या गाड्या, बंद, शिवाय तीन ग्रीन, म्हणजे होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, तात्पुरते. सासऱ्यांच्या गुडघ्यांना नऊ होल चालणं झेपणारं नव्हतं. ते कँटीनच्या बाकावर बसून राहिले. तो एक तारा त्या बाकाचा आहे असं मी समजतो, आणि तो आमच्या पदरात पडायलाच हवा होता.

चूक कुठे झाली ते सांगतो. शनिवारी संध्याकाळी सहाला ऑफिसातल्या मुलाने वेबसाइटवर ‘सुरू’ टाकलं आणि तो घरी गेला. तेव्हा ते खरंच होतं. रात्री अकराला पाऊस लागला तो तीनपर्यंत. आमची जमीन काळी. वरून हिरवळ कितीही छान दिसू दे, खाली माती फुगलेली असते. त्यात बग्गीचं चाक गेलं की चाकोरी पडते आणि ती दिवाळीपर्यंत बुजत नाही. म्हणून पावसाळ्यात बग्गी सोडायची की नाही हे ऑफिस ठरवत नाही, आमचे हेड माळी ठरवतात. तिसऱ्या होलच्या उताराखाली पाणी सगळ्यात शेवटी निचरतं. पहाटे तिथे जाऊन ते टाच रोवून बघतात. वाफसा आला की नाही हे शेतकऱ्याला कळतं तसं त्यांना कळतं.

रविवारी ५.३५ ला त्यांचा फोन आला, ‘आज नको.’ मेंबरांच्या ग्रुपवर मेसेज पडला ५.५० ला, तेव्हा तुम्ही कसारा घाटात असाल. वेबसाइट बदलली नऊला, मुलगा कामावर आल्यावर. म्हणजे तीन तास आमची दोन तोंडं दोन गोष्टी सांगत होती. ‘मेसेज पाठवला होता की’ हे काउंटरवरचं उत्तर खरं असूनही उपयोगाचं नव्हतं. घाटात गाडी चालवणाऱ्याने फोन बघूच नये.

तीन ग्रीनचं प्रकरण वेगळं. तिथे हॉलो टायनिंग झालं होतं. ग्रीनला एकमेकांलगत भोकं पाडून मातीचे गाभे काढतात आणि वरून वाळू भरतात, म्हणजे मुळांना हवा मिळते आणि पाण्याला वाट. मग काही दिवस पटिंग, म्हणजे ग्रीनवरून बॉल होलमध्ये ढकलणं, खडबडीत होतं. याची तारीख आम्ही तीन आठवडे आधी मासिक पत्रात ईमेलने कळवली होती. पण ते पत्र मीच लिहितो, तेव्हा खरं सांगायला हरकत नाही: आधी बक्षीस समारंभाचे फोटो, मग कँटीनचा नवा मेनू, आणि ग्रीनची बातमी पार तळाशी. मीसुद्धा ते तिथवर वाचलं नसतं.

‘तक्रारी नकोत म्हणून ग्रुपवर बोलायची सोय काढली’ हे तुमचं म्हणणं मात्र मान्य नाही. तो ग्रुप फक्त सूचनांचा केला त्याला कारण होतं. विजा कडाडताहेत, कोणी निघू नका, हा आमचा मेसेज एकदा केकच्या चित्रांखाली आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडला गेला. कोर्सवर असलेल्यांना भोंगा ऐकू येतो. एक लांब भोंगा म्हणजे खेळ जागच्या जागी थांबवायचा, हा गोल्फमधला रूढ इशारा आहे. घरून निघणाऱ्याला भोंगा कुठला? तरी विचारायची जागा काढून घेतल्यावर दुसरी द्यायला हवी होती, ती आम्ही दिली नाही. आता पहाटे पाचपासून स्टार्टर, म्हणजे खेळाडूंना क्रमाने खेळायला सोडणारा आमचा माणूस, फोन उचलतो.

एसएमएसबद्दल तुम्ही विचारलंत. व्यावसायिक एसएमएसचा मजकूर आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो, ऐनवेळी ‘तिसऱ्यावर चिखल आहे’ असं लिहून धाडता येत नाही. म्हणून एकच साचा नोंदणीला दिला आहे: तारीख, वेळ, कोर्स, बग्गी, ग्रीन. ज्यांची त्या दिवशीची टी-टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची ठरलेली वेळ, आहे त्यांनाच तो जाईल.

आणि वेबसाइटची स्थिती आता हेड माळी स्वतःच्या फोनवरून बदलतात, शेताच्या बांधावरून म्हणा हवं तर. पहिल्याच दिवशी त्यांनी चुकून अख्खा कोर्स बंद करून टाकला आणि गेटबाहेरून चौघाचौघांच्या दोन गटांचे फोन येत राहिले. आता जमलंय. संध्याकाळी ‘सुरू’ असं आम्ही लिहीतच नाही, ‘सकाळी ५.४० ला कळवू’ असं लिहितो.

याने तुमचा प्रश्न पूर्ण सुटत नाही, कारण ५.४० ला तुम्ही निम्म्या वाटेत असता. म्हणून मुंबई-ठाण्याच्या मेंबरांना पावसाळ्यात सकाळची वेळ त्याच दिवशी सहापर्यंत दुपारवर ढकलता येईल, जादा पैसे नाहीत.

सासऱ्यांची पाहुणे-फी तुमच्या खात्यात परत जमा केली आहे. तुमची केलेली नाही, कारण तुम्ही नऊ होल खेळलात आणि कार्डही दिलंत. सातव्या होलवरच्या बर्डीबद्दल, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी घेतल्याबद्दल, अभिनंदन.

एक राहिलं. आमची ड्रायव्हिंग रेंज, म्हणजे फटक्यांचा सराव करायची जागा, छपराखाली आहे, पावसातही चालू असते आणि तिथे बसायला खुर्च्या आहेत. सासऱ्यांना त्या दिवशी कोणी हे सांगितलंच नाही. पुढच्या वेळी बॉलची पहिली बादली त्यांना आमच्याकडून.

— कोर्सचा मालक